पाळकांची बदली झाली, नवे कधी येतील ठाऊक नाही : तोवर मंडळीनं काय करावं?

सलाम.

नेरूळच्या एका बंधूंनी विचारलं आहे. ते एका मराठी मंडळीच्या (म्हणजे स्थानिक चर्चच्या) पास्टरेट कमिटीचे, मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीचे, नवे सेक्रेटरी आहेत. मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची, वळण जुन्या अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चमधून आलेल्या, पद्धतीचं. पाळकसाहेबांची बदली झाली, त्यांच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. शेजारच्या मंडळीचे पाळक महिन्यातून एका रविवारी येऊन प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) देतात. कमिटीत दोन तट पडलेत. एका गटाला सह्या गोळा करून, एका ठरावीक पाळकांचं नाव घेऊन बिशपसाहेबांकडे शिष्टमंडळ न्यायचं आहे. दुसरा गट म्हणतो, येईल त्याला हार घालायचा, आपण मध्ये पडायचं नाही. शिवाय काही तरुणांना ईश्वरविज्ञानाचा अभ्यासक्रम करायचा आहे आणि एक ज्येष्ठ सभासद त्यांना विचारतात, “शिकून काय पाळक व्हायचंय का?” बंधूंचा प्रश्न असा, की शिष्टमंडळ न्यावं का, आणि जाता जाता, अभ्यासक्रम कुठला बरा.

मी दीक्षा घेतलेली पाळक नाही, साधी सभासद आहे. ठाण्यात राहते, बरीच वर्षं कमिटीवर काम केलंय आणि त्याहून अधिक काळ सभासदांचे अभ्यासवर्ग घेत आले आहे. त्या अनुभवावरून सांगते : तुम्ही जाता जाता जे विचारलंत, तोच तुमचा पहिला प्रश्न आहे. पाळक निवडताना मंडळीच्या शब्दाला वजन किती, हे सह्या मोजून ठरत नाही. मंडळीला आपला विश्वास, आपली गरज आणि आपली परंपरा किती समजते यावर ते ठरतं. पाळक नसतानाही जी मंडळी उपासना चालवते, आजाऱ्यांच्या घरी जाते, मुलांना शिकवते, तिला काय हवंय ते नेमकं सांगता येतं. जिचं सगळंच पाळकावाचून अडतं, ती घाईघाईत एक नाव धरून बसते आणि पुढे त्याच माणसाच्या बदलीसाठी पुन्हा सह्या गोळा करते. असं घडताना मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिलं आहे.

आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी तपासा. तुमची मंडळी स्वतंत्र पास्टरेट आहे, की दुसऱ्या पास्टरेटला जोडलेली उपमंडळी? जोडलेली असेल तर पूर्णवेळ पाळक मागण्याआधी दर्जाचा प्रश्न येतो, आणि त्याची वाट वेगळी. डायोसीसचं, म्हणजे बिशपांच्या विभागाचं, वार्षिक असेसमेंट (मंडळीनं द्यायची वर्गणी) वेळेवर जातं का? ते थकलेलं असताना गेलेल्या शिष्टमंडळाला आधी खजिनदाराबद्दलच विचारलं जातं. पाळकांना राहायला जागा आहे का? नवी मुंबईत भाड्याचे आकडे पाहता हा प्रश्न लहान नाही, आणि बऱ्याचदा नेमणूक अडलेली असते ती इथेच. शेवटचं, तुमच्या डायोसीसची घटना. बदल्या किती वर्षांनी, कोणत्या समितीच्या सल्ल्यानं, मंडळीचं म्हणणं कोणत्या पायरीवर ऐकलं जातं, हे डायोसीसगणिक वेगळं असतं. त्याची प्रत मागवा आणि कमिटीत मोठ्यानं वाचा. अर्धा वाद तिथेच मिटलेला मी पाहिलाय, कारण दोन्ही बाजू घटनेत नसलेल्या हक्कांसाठी भांडत होत्या.

दोन तट पडतात यात कुणाची वाईट नियत आहे असं समजू नका. त्याचं मूळ जुनं आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा चर्चेस एकत्र आली आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यात अँग्लिकन होते, काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन परंपरेचं युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया होतं, बाप्टिस्ट, ब्रदरन, मेथडिस्ट आणि डिसायपल्स होते. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापनाही त्याच वर्षीची. म्हणजे नेरूळच्या मंडळीत ‘आपली जुनी पद्धत’ म्हणून जे सांगितलं जातं, ते सगळं कुणाच्या तरी गावाहून आलेलं आहे. अहिल्यानगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासून. ते काँग्रिगेशनल वळणाचं. पाळकाला बोलावणं हा तिथे मंडळीचा अधिकार. नाशिकला शरणपूरच्या बाजूला चर्च मिशनरी सोसायटी, म्हणजे अँग्लिकन. तिथे पाळक बिशप पाठवणार. अर्थात नगर जिल्ह्यात अँग्लिकनांचंच दुसरं, एस. पी. जी. (सोसायटी फॉर द प्रॉपगेशन ऑफ द गॉस्पेल) मिशनही होतं, तेव्हा गावावरून किंवा आडनावावरून कुणाचा गट ठरवू नका. पण एक नक्की, की सह्या गोळा करणारे आणि ‘येईल तो घ्या’ म्हणणारे, दोघंही आपापल्या आजोबांच्या मंडळीत जे खरंच होतं तेच बोलत असतात. माझ्या अभ्यासवर्गात मी हे नेहमी पहिल्याच बैठकीत काढते. लोकांना आपल्या घरची गोष्ट सांगू द्यावी. कुणाचे आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर, कुणाची आजी बायबलबाई, म्हणजे घरोघरी जाऊन बायबल सांगणारी. ते ऐकल्यावर समोरचा विरोधक वाटेनासा होतो.

अँग्लिकन जगातसुद्धा नेमणुकीची एकच रीत नाही, हेही माहीत असावं. अमेरिकेच्या एपिस्कोपल चर्चमध्ये स्थानिक कमिटी स्वतः शोध घेऊन पाळकाला बोलावते. इंग्लंडमध्ये कित्येक चर्चना शतकानुशतकं ‘पेट्रन’ असतो. तो बिशप असेल, राजघराणं असेल, ऑक्सफर्डचं एखादं कॉलेजही असेल, आणि नाव सुचवण्याचा हक्क त्याचा. १९८६ च्या कायद्यानं तिथल्या मंडळीला दोन ठोस गोष्टी मिळाल्या. जागा रिकामी झाली की पॅरिशची, म्हणजे स्थानिक मंडळीची, कौन्सिल आपली परिस्थिती, गरजा आणि परंपरा सांगणारं निवेदन लिहू शकते. आणि कौन्सिलनं निवडलेल्या दोन सभासदांची संमती नेमणुकीला लागते. त्यांनी नकार दिला तर पेट्रनला वर दाद मागावी लागते. यातली निवेदनाची कल्पना आपण आपल्या घटनेला धक्का न लावता उद्यापासून वापरू शकतो. त्याकडे पुढे येते.

माझं स्वतःचं मत स्पष्ट सांगते. नेमणूक बिशपांनीच करावी, आणि मंडळीचं ऐकून करावी. नाव धरून मागणी करण्याच्या मी विरोधात आहे. कारण साधं आहे. पाळक सगळ्या चर्चचा असतो. प्रत्येक मंडळीनं आपल्या पसंतीचा पाळक मागायचा ठरवलं, तर चांगले वक्ते ठाणे, वाशी, मुंबईत राहतील आणि आडगावच्या तीस घरांच्या मंडळीला कुणीच मिळणार नाही. तिच्या वतीनं बोलणारं कुणीतरी हवं. ते काम बिशपचं. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. एका गटानं सह्या करून आणलेला पाळक त्या गटाला कधीच कडू बोल सुनावू शकत नाही. मरेपर्यंत तो त्यांचा माणूस राहतो आणि उरलेल्यांना परका. म्हणजे ज्यांनी प्रेमानं आणला, त्यांनीच त्याचे हात बांधले.

पण बिशपांनी न विचारता पाठवावं आणि मंडळीनं न बोलता घ्यावं, हेही शास्त्राला, म्हणजे बायबलला, धरून नाही. प्रेषितांची कृत्ये सहाव्या अध्यायात बघा. विधवांच्या वाटणीवरून कुरबुर झाली तेव्हा प्रेषितांनी सात जणांना स्वतः नेमून टाकलं नाही. त्यांनी पात्रता सांगितली, लोकांनी माणसं निवडली, आणि प्रेषितांनी प्रार्थना करून त्यांच्यावर हात ठेवले. दोन्ही बाजूंचं काम त्यात आहे. तेव्हा तुमच्या दुसऱ्या गटालाही सांगा, की गप्प बसणं म्हणजे आज्ञाधारकपणा असं समजू नये. बिशपांना अंधारात ठेवून त्यांच्याकडून योग्य माणसाची अपेक्षा करणं बरोबर नाही.

मग काय करायचं? एक निवेदन लिहायचं, दोन पानांचं, कुणाचंही नाव न घालता. हे कसं होतं ते एका बैठकीवरून सांगते. आमच्याकडे अशीच जागा रिकामी होती. कमिटीला म्हटलं, कसा पाळक हवा ते आधी प्रत्येकानं चिठ्ठीवर लिहा. चिठ्ठ्या उघडल्या. तरुण असावा. अनुभवी असावा. इंग्रजी उत्तम हवं. उपदेश वीस मिनिटांत संपवणारा हवा. गळा चांगला हवा. पाळकीणबाईंना पेटी यावी. गाडी चालवता यावी. मी चिठ्ठ्या तशाच ठेवल्या आणि तीमथ्याला पहिलं पत्र, तिसरा अध्याय काढायला सांगितला. नेमस्त, अतिथिप्रिय, शिकवण्यात निपुण, भांडखोर नसलेला, पैशाचा लोभ नसलेला, स्वतःचं घर नीट चालवणारा. एका नर्सताई चिठ्ठ्यांकडे बघून म्हणाल्या, “यातलं एकही आपण लिहिलं नाही.” कुणी काही बोललं नाही, आणि मग खरी चर्चा सुरू झाली.

त्या चर्चेतून निवेदन निघालं. त्यात आमची माहिती होती : किती कुटुंबं, किती जण ऐंशीच्या पुढचे आणि घराबाहेर न पडणारे, कितीजण पाळीत काम करतात म्हणून रविवारी सकाळी येऊ शकत नाहीत, संडे स्कूल कोण चालवतं, मुलं मराठी वाचू शकतात का. हा शेवटचा मुद्दा नवी मुंबईत फार खरा आहे. मुलं घरी मराठी बोलतात, पण देवनागरी बायबल वाचताना अडखळतात, आणि त्यांच्यासाठी उपासना इंग्रजीत करावी की त्यांना मराठी शिकवावं, यावर मंडळीत एकमत नसतं. तेही तसंच लिहा. मतभेद लपवू नका. नव्या पाळकांना पहिल्याच महिन्यात ते कळणारच आहेत. आणि मग दोनतीन वाक्यांत गरज : आम्हाला घरोघरी जाणारा पाळक हवा, का शिकवणारा हवा, का फुटलेली मनं जोडणारा. तिन्ही एका माणसात क्वचितच मिळतात, म्हणून पहिलं कुठलं ते ठरवण्याचं धाडस करा. शेवटी, मंडळी स्वतः काय करणार आहे ते लिहा. घर, असेसमेंट, आणि कोणकोणती सेवा सभासद स्वतः उचलतील. हा परिच्छेद ज्या निवेदनात असतो ते वरचे लोक दोनदा वाचतात.

हे घेऊन जायला शिष्टमंडळ हवं तर न्या, पण चारच माणसं, त्यात दोन्ही गटांचे, एक बाई, एक तरुण. आधी वेळ मागा. आर्चडीकन (बिशपांच्या हाताखालचे वरिष्ठ पाळक) किंवा तुमच्या भागाचे जबाबदार प्रेस्बिटर (दीक्षित पाळक) असतील त्यांना वगळून वर जाऊ नका. व्हॉट्सॲपवर पाळकांच्या नावांची तुलना चालू असेल तर ती आजच बंद करा. त्या पाळकांचीही मुलं ते वाचतात. आणि कोर्टाची भाषा कुणी काढली तर साफ नाही म्हणा. त्यात वर्षं जातात, अर्पणाचा पैसा जातो आणि मुलं चर्चपासून तुटतात.

आता मधल्या काळाबद्दल. पाळक महिन्यातून एकदाच येतात म्हणून उरलेले रविवार पोकळ जाण्याचं काही कारण नाही. अँग्लिकन परंपरेची ही मोठी देणगी आहे, की सकाळच्या आणि संध्याकाळच्या प्रार्थनेची उपासना चालवायला दीक्षा लागत नाही. इंग्लंडच्या चर्चमध्ये १८६६ पासून बिशपांच्या परवान्यानं सभासद ‘रीडर’ म्हणून उपासना चालवतात, उपदेश करतात. १९६९ पासून बायकाही. आपल्याकडेही बिशपांच्या परवानगीनं हे करता येतं. परवानगी मात्र लेखी घ्या, ती कुणाला आणि किती काळासाठी आहे हे त्यात असू द्या.

उपासना चालवताना एक बारीक गोष्ट सांभाळा. पापांगीकारानंतर पाळक मंडळीकडे तोंड करून पापक्षमेची घोषणा करतो : देव तुम्हांला क्षमा करो. सभासद उपासना चालवत असेल तर तो तिथे ‘आम्हांला क्षमा कर’ अशी प्रार्थना म्हणतो, मंडळीतलाच एक होऊन. शेवटचा आशीर्वादही तसाच. हात उंचावून देण्याऐवजी, प्रभू येशू ख्रिस्ताची कृपा आम्हां सर्वांबरोबर असो, असं सगळ्यांनी मिळून म्हणायचं. नव्यानं उपासना चालवणाऱ्याला मी हे पहिल्या दिवशी शिकवते. हा मानापमानाचा भाग मुळीच नाही. दीक्षित माणूस जे बोलतो ते साऱ्या चर्चनं सोपवलेलं म्हणून बोलतो, आणि आपण त्याच चर्चचे आहोत हे त्या एका शब्दाच्या फरकात सांभाळलं जातं.

प्रभुभोजनाचंही तेच. पाळक नाही म्हणून सेक्रेटरीनं किंवा एखाद्या वडीलधाऱ्यानं प्रभुभोजन चालवू नये, कितीही भक्तिमान असला तरी. प्रभुभोजनात आपली एक मंडळी सगळ्या चर्चशी जोडली जाते, आणि ती जोड दाखवायला बिशपांनी हात ठेवलेली व्यक्ती मेजाजवळ उभी असते. महिन्यातून एकदा मिळत असेल तर तो रविवार तयारीनं घ्या : आदल्या आठवड्यात घराघरांतून कोण येऊ शकत नाही त्याची यादी करा आणि आलेल्या पाळकांना उपासनेनंतर त्या आजाऱ्यांकडे न्या. चहा-नाश्त्यात आणि बैठकीत त्यांचा वेळ संपवू नका.

आता अभ्यासाकडे. “शिकून काय पाळक व्हायचंय का?” या प्रश्नाला माझ्याकडे एक उत्तर आहे, तेही घडलेलं. आमच्या ओळखीच्या एका घरातला कमावता मुलगा लोकलमधून पडून गेला. घरसभेला जमलेल्यांपैकी एक गृहस्थ, मन चांगलं, पण कुठल्याशा व्हिडिओवर ऐकलेलं बोलून गेले : घरात काही कबूल न केलेलं पाप असेल तर तपासून पाहा. आई तशीच बसून राहिली. आमच्या वर्गातले एक जण तिथे होते, ऐरोलीच्या एका कारखान्यात फिटर. ते काही वाद घालायला गेले नाहीत. लूकचा तेरावा अध्याय काढला आणि सावकाश वाचला : शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, ती यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा जास्त दोषी होती असं तुम्हांला वाटतं का, असं येशू विचारतो आणि स्वतःच उत्तर देतो, नाही. पुढे इतकंच म्हणाले, “मावशी, हे प्रभूचं बोलणं आहे. आमचं कुणाचं नाही.” पाळकसाहेब त्या वेळी गावी होते. ती माऊली त्या रात्री काय घेऊन झोपली असती, हे त्या फिटरच्या अभ्यासावर अवलंबून होतं. ईश्वरविज्ञान यासाठी शिकायचं. पाळक दर मरणाच्या घरी पहिल्या तासात पोहोचत नाही. शेजारी पोहोचतो.

शास्त्रात याचं उदाहरण पाहा. अपुल्लोस मोठा वक्ता, शास्त्रात प्रवीण, पण त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. प्रिस्किल्ला आणि अक्विला या तंबू शिवणाऱ्या नवरा-बायकोनं त्याला आपल्याकडे घेतलं आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला. उपदेशकाला शिकवणारे सभासद. आणि त्यांनी ते चारचौघांत केलं नाही, हेही लक्षात ठेवण्यासारखं.

आपल्या मराठी मातीत पंडिता रमाबाईंइतकं मोठं उदाहरण दुसरं नाही. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे त्यांचा अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला. तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिनशी त्यांचा पत्रव्यवहार आजही वाचायला मिळतो. त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा एकच देव), चर्चचा अधिकार, मतांगीकार (विश्वासाचं ठरीव निवेदन), एकेका मुद्द्यावर त्या विचारत राहिल्या, की हे शास्त्रात कुठे आहे ते मला दाखवा. त्यांना दीक्षा नव्हती, ईश्वरविज्ञानाची पदवी नव्हती. पुढे त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावला बसून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणलं. ते १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालं. तुमच्या ज्येष्ठ सभासदांना हे जरूर सांगा. आणि व्ही. एस. अझरायांचंही. भारताचे पहिले भारतीय अँग्लिकन बिशप, १९१२ साली त्यांचा अभिषेक झाला. त्याआधी कितीतरी वर्षं ते वाय.एम.सी.ए.चे कार्यकर्ते होते, १९०३ मध्ये तिरुनेलवेलीच्या ख्रिस्ती लोकांची स्वतःची मिशनरी सोसायटी उभी करण्यात पुढे होते, आणि दीक्षा मिळाली ती १९०९ मध्ये.

इथवरचं थोडक्यात : नाव न घेता निवेदन द्या, मधल्या काळात परवानगीनं उपासना चालवा, आणि या रिकाम्या महिन्यांतच अभ्यासवर्ग सुरू करा. नवे पाळक आल्यावर सुरू करू म्हणाल तर तो ‘त्यांचा’ वर्ग होतो आणि त्यांच्या बदलीबरोबर संपतो.

कुठला अभ्यासक्रम हे शिकणाऱ्यावर अवलंबून आहे. पदवीच हवी, वाचनाची सवय आहे आणि इंग्रजी पेलतं, अशांसाठी सेरामपूरच्या सिनेटचा (ईश्वरविज्ञानाच्या पदव्या देणाऱ्या मंडळाचा) बॅचलर ऑफ ख्रिश्चन स्टडीज आहे, त्याच्या अलीकडचा डिप्लोमाही आहे. नोकरी सांभाळून घरून करता येतो; कोलकात्याची ‘सेप्टर’ ही त्यांची शाखा ते काम पाहते. (हे बंगालमधलं सेरामपूर, आपल्या नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे; एक जण चुकून तिकडे चौकशीला निघाले होते.) १८१८ मध्ये कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड यांनी काढलेलं ते कॉलेज, आणि मराठी नवा करार १८११ मध्ये छापला गेला तोही सेरामपूरलाच. दुसरी वाट बंगळुरूच्या टाफ्टीची. ही संस्था १९७१ पासून आहे. हिची पद्धत मला फार पसंत आहे : आठवडाभर घरी पाठ सोडवायचा, आठवड्यातून एकदा गटात बसून मार्गदर्शकाबरोबर त्यावर बोलायचं. या पद्धतीची सुरुवात १९६३ मध्ये ग्वाटेमालात झाली. तिथल्या सेमिनरीच्या, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयाच्या, लक्षात आलं, की गावोगावचे खरे पुढारी घरदार आणि शेती सोडून शिकायला येऊ शकत नाहीत. म्हणून सेमिनरीच त्यांच्याकडे गेली. पाळीत काम करणाऱ्या आपल्या लोकांची अडचण नेमकी तीच आहे. कुठल्या पाठांचं मराठी मिळेल ते आधी विचारून घ्या.

तरी माझा सल्ला असा, की पहिलं वर्ष कुठलाच फॉर्म भरू नका. तुमचे चार-पाच तरुण आणि दोन-तीन मोठी माणसं मिळून आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवा. मार्काचं शुभवर्तमान सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मग प्रेषितांचा मतांगीकार एकेक वाक्य, मग आपल्या उपासनेचा क्रम : हे आधी का, ते नंतर का. प्रत्येक बैठकीत कुणीतरी कामावरचा एक खरा प्रसंग आणायचा आणि त्याला वाचलेल्या भागाशी भिडवायचं. कॉन्ट्रॅक्टवरच्या मुलांना काढायची यादी करायला सांगितलेला सुपरवायझर, हॉस्पिटलात नातेवाइकांना खोटी आशा द्यावी का असं विचारणारी नर्स, सोसायटीत कुणाला घर भाड्यानं द्यायचं यावरून चाललेलं राजकारण. पाळीमुळे कुणाची संध्याकाळ चुकणार, म्हणून तोच पाठ ट्रान्सहार्बर रेल्वेमार्गावरच्या कुणाच्या तरी घरी शनिवारी पुन्हा घ्या. घरातल्या बायकांना चहापाण्यात अडकवून ठेवू नका. आमच्याकडे चहा पुरुषांनी करायचा असा नियम केला तेव्हापासून वर्गातले सगळ्यात चांगले प्रश्न बायकांकडून आले. वर्षभर टिकले ते मग अभ्यासक्रमाला जातील, आणि त्यांची फी मंडळीनं भरावी.

दोन धोके आहेत. शिकलेले लोक पाळकांचा उपदेश तपासायला वही घेऊन बसतात. बिरुयाच्या लोकांनी पौलाचं बोलणं शास्त्रात पडताळलं ते खरं, पण त्यांनी ते मोठ्या उत्सुकतेनं स्वीकारलं होतं असंही तिथेच लिहिलंय. दुसरा धोका, प्रमाणपत्र कमिटीच्या निवडणुकीत वापरलं जाणं. आम्ही ठरवून ठेवलंय, की अभ्यासक्रम झालेल्यानं पहिलं वर्ष संडे स्कूल किंवा आजाऱ्यांच्या भेटी करायच्या. पदाचं नंतर बघू.

नवे पाळक आले की पहिल्या महिन्यात त्यांना वर्गाला बोलवा, शिकवायला नव्हे, बसायला. त्यांना मंडळी तिथे जशी दिसेल तशी दुसरीकडे कुठे दिसणार नाही. तुमच्या तरुणांपैकी कुणाला खरंच पाळकपणाचं पाचारण वाटत असेल, तर वर्गात ते हळूहळू कळेल. त्याला किंवा तिला घाई करू देऊ नका आणि अडवूही नका. पाळक, कमिटी आणि शेवटी बिशप, असं टप्प्याटप्प्यानं ते पारखलं जातं आणि मग पुण्याच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीसारख्या ठिकाणी पाठवणं होतं. तुमच्यात मुली असतील तर त्यांनाही सांगा, की आपल्या चर्चमध्ये बायकांना दीक्षा मिळते, आणि २०२४ मध्ये व्हायोलेट नायक या फुलबनी डायोसीसच्या बिशप झाल्या.

राहिले तुमचे ज्येष्ठ सभासद. त्यांच्याशी वाद घालू नका. वर्गाची पहिली संध्याकाळ त्यांच्या घरी ठेवा आणि त्यांना विचारा, की नेरूळला पहिली उपासना कुणाच्या घरात झाली, कोणकोण होतं, तेव्हा पाळक कोण येत असत आणि न आल्यास उपासना कोण चालवायचं. एका तरुणाला ते लिहून घ्यायला बसवा. निवेदनातला मंडळीच्या परंपरेचा परिच्छेद त्यातूनच तयार होईल, आणि खाली पहिली सही त्यांची घ्या.